लग्न म्हणजे नुसता कागद?

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये दोघं मिळून राहतात, ईएमआयचा अर्धा-अर्धा भार उचलतात आणि कुणी लग्नाचं विचारलं की म्हणतात, "लग्न काय, नुसता कागद!" कागदच तो. पण फ्लॅटसुद्धा कागदावरच असतो.

सज्ञान जोडप्याला लग्नाशिवाय राहायला कायद्याची आडकाठी नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षणही आहे. घोडं अडतं ते मालमत्तेपाशी. नवऱ्यानं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. लग्नाविना सोबतिणीला दिलं, तर खरेदीखताइतकं शुल्क, शिवाय तिला प्राप्तिकर. तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्यात आई, मुलं आणि विधवा पहिल्या वर्गात; सोबतीण कुठेच नाही. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नये. नॉमिनी मालक होत नाही, वारसांसाठी सांभाळतो इतकंच. तेव्हा लग्न नको असेल तर निदान मृत्युपत्र तरी करावं.

गंमत म्हणजे वाजतगाजत लग्न केलेल्यांकडेही कागद नसतो. हॉल, केटरिंग, ड्रोन सगळं होतं. नोंदणी आठवते व्हिसाच्या वेळी. 1998 च्या राज्य कायद्यानुसार ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा फॉर्म, 90 दिवसांत द्यायचं, तीन साक्षीदार आणायचे. त्यावर गुरुजींची सहीही लागते आणि सीझनमध्ये गुरुजी सापडत नाहीत. फॉर्म मांडवातच न्यावा, सही दक्षिणेआधी घ्यावी. पत्रिकेवर लाडाचं नाव आणि आधारवर भलतंच, हाही नेहमीचा घोळ.

उलट बाजूही आहे. विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्नच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलं. म्हणजे नुसता कागद खरोखरच चालत नाही!

विधी नकोत त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा. ज्या जिल्ह्यात लग्नाची नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकानं निदान 30 दिवस राहिलेलं हवं. मग नोटीस, ती 30 दिवस फलकावर, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न; नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नवी मुंबईकर इथे हमखास फसतात. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे रायगडात. दोघंही खारघरचे असतील तर नोटीस ठाण्यात नाही, रायगडातल्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची.