तापीकाठची रोल्स: एक चेसिस, दोन बॉड्या

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची रोल्स-रॉईस २०/२५ मोटार उभी आहे. गावाचं आणि घराण्याचं नाव लिहायचं नाही, या अटीवरच तिच्या मालकांनी, आप्पांनी, गाडी दाखवली. ओळखीशिवाय जाऊ नका. मात्र दसऱ्याला गाडी पूजेसाठी ओट्यासमोर काढतात आणि त्या दिवशी कुणालाच मज्जाव नसतो.

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, तिथून अमळनेर, मग तापी ओलांडून चोपडा. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावरचं अमळनेर स्टेशन सोयीचं, पुढे एसटी. एप्रिल-मे टाळाच; पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बोनेटला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तेव्हा बामणोद-आसोद्याच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते, आणि खरं सांगायचं तर नुसत्या त्यासाठीही एवढा प्रवास परवडतो.

आता गाडी. त्या काळी रोल्स कंपनी आख्खी गाडी विकत नसे. इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडायची ती चेसिस: इंजिन, चाकं, रेडिएटर, डॅशबोर्ड. वरची बॉडी गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली, पार्क वॉर्ड अशा एखाद्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. २०/२५ हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात निघालं. सहा सिलिंडर, ३,६६९ सीसी, एकूण ३,८२७ चेसिस. त्यामुळे अशा गाडीचा इतिहास विचारताना चेसिसचा वेगळा आणि बॉडीचा वेगळा विचारावा लागतो. आपल्याकडे सगळे पहिलाच प्रश्न टाकतात, ‘कोणत्या राजाची?’

आप्पांच्या घरातही तेच ऐकत आले होते. माळव्यातल्या कुठल्याशा संस्थानिकाची गाडी, आग्रा रोडने खाली आली, आजोबांनी कापसाच्या हिशेबात वळती करून घेतली. ऐकायला बरं वाटतं. इंदूरच्या होळकरांनी गर्नी नटिंग या विलायती कोचबिल्डरकडून ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीवर बॉडी बांधून घेतली होती, ती देशाबाहेर गेली. तेव्हा त्या वाटेने एखादी रोल्स इकडे उतरली असेल, हे पटण्यासारखं होतं. पण आप्पांच्या पुतण्याने चेसिसचा नंबर विलायतेला कळवला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीवरच्या पट्टीवर तो असतो, २०/२५ चा असेल तर ‘जी’ने सुरू होतो. रोल्स-रॉईस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे कारखान्याची मूळ चेसिस-कार्डं, म्हणजे प्रत्येक चेसिसची नोंद, आहेत, त्यांची नक्कल पैसे भरून मिळते. कार्डावर राजा नव्हता, मुंबईतल्या एका व्यापारी पेढीचा साहेब होता. ‘राजाची नाही तर नाही,’ आप्पा म्हणाले, ‘चालते तर आमच्या घरातच ना?’

कार्डावर बॉडी सलूनची, म्हणजे पक्क्या छपराच्या बंद गाडीची, लिहिलेली आहे. शेडमध्ये उभी आहे ती मागून चौकोनी, जवळजवळ छोट्या व्हॅनसारखी. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बरोबर न्या, अर्थात आधी मालकांना विचारून. पुढच्या दारांना ते चिकटत नाही, कारण तिथे ॲल्युमिनियम आहे. मागच्या दारामागे मात्र टक्कन बसतं. तिथला पत्रा लोखंडी आहे आणि आतला सांगाडा सागाचा. मागची सीट उचलली की दिसतं: पुढचे ॲशचे तुकडे फिकट, बारीक रेषेचे, त्यांवर कोचबिल्डरचे ठोकलेले आकडे, मागे गडद साग, आणि सांध्यांना बैलगाडीच्या साटीला मारतात तशा खुंट्या. आप्पांच्या आजोबांनी गावच्या सुताराकडून हे करून घेतलं, कारण कापसाचे नमुने आणि सरकीची पोती सलूनमध्ये मावत नव्हती. पुढे कित्येक वर्षं हीच गाडी पंचक्रोशीतल्या वरातींना गेली.

रिस्टोरेशनचा वाद इथेच आहे. पुण्यामुंबईच्या जाणकारांनी सल्ला दिला की मागचा भाग उतरवा, जुने फोटो पाहून सलून पुन्हा बांधा, किंमत वाढेल. वाढेलही. पण मला विचाराल तर तो साग काढू नये. विलायती नमुन्याचं सलून आज बांधलं तर ते आजचंच असेल. ही बॉडी मात्र खानदेशात, कामासाठी आणि त्याच काळात बांधलेली आहे. आप्पांनी तूर्तास फक्त इंजिन केलं. विहिरीच्या जड पाण्याने ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा मागच्या बाजूने गाळाने बुजल्या होत्या. मिस्त्रींनी तारेने खरवडून खरवडून मोकळ्या केल्या. व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची बेअरिंगं नव्याने ओतावी लागली. ब्रेकचा सर्व्हो, म्हणजे पायाच्या दाबाला जोड देणारी यंत्रणा, गिअरबॉक्सवरून फिरतो, म्हणून गाडी चालत असतानाच तो जोर देतो. ढकलत नेताना ब्रेकवर भरवसा ठेवू नका, मिस्त्री हे दोनदा सांगतात.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर २०२१ चे केंद्रीय नियम वाचून घ्या. पन्नास वर्षांवरच्या, म्हणजे ‘व्हिंटेज’ गाडीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून जुनी बिलं, फोटो, काहीही टाकून देऊ नका. बदल कधीचा आहे हे दाखवायला तेच उपयोगी पडतं. या नोंदणीवर भाड्याने वराती करता येत नाहीत.

पाहायला जाल तेव्हा अंगठी-कडं काढून ठेवा, टॉर्च न्या, सीटखालचे आकडे पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्या. ‘केवढ्याला द्याल?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारायचा नाही. मागे एकाने विचारला, त्याला चहा मिळाला, शेड उघडली गेली नाही.