ड्रिफ्ट मारायचाय? आधी मागे कोण आहे ते बघा

दिवाळी झाली की आमच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. वय विशी-पंचविशी, गाडी स्विफ्ट नाहीतर जुनी पोलो, सायलेन्सर बदललेला. गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढायच्या आधीच प्रश्न येतो, "ताई, कोईमतूरच्या ट्रॅकवर ड्रिफ्ट मारू देतात का ओ?"

नाही देत. ड्रिफ्ट म्हणजे वळणात गाडीचं मागचं मुद्दाम घसरवत गाडी आडवी नेणं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. "का?" येतंच, आणि माझा चहा गार होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सांगलीतलं हे टायर-अलाइनमेंटचं दुकान आप्पांनी काढलेलं, आता मी बघते. थंडीत गिऱ्हाइकांच्या चार-पाच गाड्या जमल्या की आम्ही बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, सेलम करत कोईमतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवेवर जातो. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा आहे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं. नवख्याला करीच बरा. सरळ पट्टे फार लांब नाहीत, त्यामुळे वळणाआधी जमलेला वेग त्या मानाने आवाक्यात राहतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे निम्म्या पोरांना तिथं पोचल्यावर कळतं. कप नसतो, पहिला-दुसरा नंबर नसतो. आपलीच रोजची गाडी, डोक्यावर हेल्मेट, ठरलेल्या वेळेचं सेशन आणि सकाळी सक्तीचं ब्रीफिंग, म्हणजे नियम समजावून सांगणं. ब्रीफिंगला मोबाइल बघत बसलेल्या माणसाच्या मागे मी ट्रॅकवर जात नाही. रांगेत दोन गाड्या पुढं-मागं करून घेते.

आप्पांना मोटारींच्या ट्रॅकचं काडीचं कौतुक नाही. त्यांचा जीव बैलगाडा शर्यतीत. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतीचा कायदा उचलून धरल्यापासून तर रविवारी त्यांना दुकानात बसवणं अवघड झालंय. एकदा मी ट्रॅकचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "चाकोऱ्या कुठायत?"

"चाकोऱ्या नसतात आप्पा. सगळा डांबराचा पट्टा मोकळाच."

"मग कुणाची गाडी कुठनं जाणार हे मागच्याला कळायचं कसं?"

मला जे समजवायला ब्रीफिंगवाल्याला अर्धा तास लागतो, ते आप्पांनी एका प्रश्नात आणून ठेवलं. आमच्याकडं मैदानात प्रत्येक जोडीला आखून दिलेली चाकोरी असते, दुसऱ्याच्या चाकोरीत घुसलात की बाद. मोटारीच्या ट्रॅकवरची चाकोरी दिसत नाही, पण असते. वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचं, अॅपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाला, आतली कड धरायची, बाहेर पडताना गाडी पुन्हा बाहेरच्या कडेला सोडायची. सगळे साधारण याच रेषेवर, म्हणजे रेसिंग लाइनवर असतात, म्हणून शंभराच्या वेगातही मागच्याला अंदाज बांधता येतो. पुढची स्विफ्ट पुढच्या दोन सेकंदांत कुठं असेल, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. त्याचा ब्रेक कुठं लागणार, तेही त्यावरच ठरलेलं असतं.

आता त्या स्विफ्टवाल्याने हौसेनं मागचं सोडलं. गाडी आडवी झाली, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रस्ता तिने अडवला. वेग एकदम पडला. पुढं ती आत गुंडाळणार, बाहेर जाणार की गरकन फिरून तोंड आपल्याकडं करून थांबणार, हे चालवणाऱ्यालाच माहीत नसतं, तर मागच्याला कुठून कळणार? तुमच्या टायरचं काय व्हायचं ते होवो, मला त्यात धंदाच आहे. पण मागच्याने पैसे भरताना तुमच्या प्रयोगात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं.

ओव्हरटेकचा नियम याच कारणाने इतका कडक असतो. नवख्यांच्या सेशनमध्ये ओव्हरटेक फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने बाजू दाखवल्यावरच. बाजू दाखवली की आपली रेषा सोडायची नाही, फक्त अॅक्सिलरेटर जरा हलका करायचा. जागा द्यायची म्हणून अंग चोरून बाजूला जाणारे सभ्य लोकच जास्त घोळ घालतात. मागून गाडी आली की आरशात बघून पुढच्या पट्ट्यावर तिला सोडून द्या, त्यात कमीपणा नाही. आणि मागून कुणी आलंय म्हणून त्याला दाखवायला वळणात जोर लावणं, ही तर घसरायची हमखास जागा.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या स्विफ्टला ड्रिफ्ट मारताच येत नाही. ती पुढच्या चाकांवर चालते. ड्रिफ्टमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाऊन ती फिरत राहतात आणि घसरण पायाने लांबवता येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तुम्ही हँडब्रेक ओढून मागची चाकं जाम करता आणि गाडी फेकता. ते पेलत नेणं वेगळं आणि फेकणं वेगळं. घाटातल्या रीलमध्ये दोन्ही सारखंच दिसतं, ही गोष्ट निराळी.

मुद्दाम न करताही मागचं सुटतं, ते बघा. वळणात वेग जास्त वाटला की नवखा घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढतो. गाडीचा भार पुढं झुकतो, मागचे टायर हलके पडतात आणि मागचं बाहेर निघतं. अशा वेळी ब्रेक मारला की कारभार आटोपलाच. नजर जायचंय तिकडं ठेवायची, स्टिअरिंग मागचं ज्या बाजूला चाललंय त्या बाजूला फिरवायचं आणि पुढच्या चाकांच्या गाडीत थोडा अॅक्सिलरेटर परत द्यायचा. सांगायला सोपं आहे. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी ईएसपी यंत्रणा गाडीत असेल तर ती चालूच ठेवा. ती बंद केल्याने कोणी शूर ठरत नाही.

सावरलं नाही आणि गाडी फिरलीच, तर दोन्ही पाय खाली. क्लच पूर्ण, ब्रेक पूर्ण, आणि गाडी थांबेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. याचंही कारण मागचाच माणूस आहे. ब्रेक दाबून धरलेली गाडी फिरली तरी ज्या दिशेला चालली होती साधारण त्याच दिशेला घसरत जाते, मागच्याला तिला चुकवता येतं. मध्येच ब्रेक सोडलात तर टायर एकदम पकड घेतात आणि गाडी तोंड असेल तिकडं उसळते, म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅकच्या आडवी. ही एक गोष्ट मी पोरांकडून जाताना गाडीतच वदवून घेते.

थांबल्यावर घाईनं गाडी वळवून सेशनमध्ये घुसायचं नाही. कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलकडं बघायचं, त्याने हात केल्याशिवाय हलायचं नाही. गाडी बंद पडली तर बेल्ट लावून आतच बसायचं. आग लागली तरच उतरायचं. चारही चाकं डांबराबाहेर गेली असतील तर कडेकडेने हळू परत यायचं आणि थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं. हा शिक्षेचा भाग नाही. तुमच्या चाकांत अडकलेली माती आणि खडे रेसिंग लाइनवर सांडत गेलात, तर पुढच्या फेरीत त्यावर दुसरंच कुणीतरी घसरतं. पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा दिसतो ना, रस्ता निसरडा असल्याचा, तो बऱ्याचदा अशाच कुणाच्या कर्तबगारीमुळे निघालेला असतो. बहुतेक आयोजक पहिल्या वेळी समजावून सोडतात. मुद्दाम केलं असं दिसलं तर काळा झेंडा आणि घरचा रस्ता. पैसे परत नाहीत.

आणखी एक रीत कुठं लिहिलेली नसते. तुम्ही फिरलात आणि मागच्याला जोरात ब्रेक मारावा लागला, तर सेशन संपल्यावर त्याच्या गाडीपाशी जाऊन "माझ्यामुळं झालं" एवढं म्हणायचं. तिथं तमिळ, कन्नड, मल्याळी मंडळी असतात. भाषा येत नसली तरी कळतं. आपल्याकडची पोरं नेमकी उलट करतात, पॅडॉकच्या, म्हणजे पिटमागच्या पार्किंगच्या, सावलीत उभं राहून "काय फिरली मर्दा!" म्हणून टाळ्या देतात. शेजारच्याला मराठी येत नाही, पण टाळी कळते.

"आम्ही नाही ड्रिफ्ट मारला ताई" म्हणणारेही परतल्यावर दुकानातच येतात. गाडी ऐंशीला थरथरते म्हणून. रॅम्पवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं की तळव्याला एके ठिकाणी सपाट लागतं, नीट बघितलं तर तिथं अंड्याएवढा गुळगुळीत डाग, नक्षी अर्धी पुसलेली. चाक जाम होऊन जागच्या जागी घासल्याशिवाय हे होत नाही आणि मागची चाकं अशी जाम होतात ती हँडब्रेकने. मी काही बोलत नाही, फक्त त्याचं बोट धरून त्या डागावर ठेवते. पुढचे टायर वेगळं सांगतात. टायरच्या कडेला एक बारीक त्रिकोण छापलेला असतो. झीज त्याच्या खाली साइडवॉलवर उतरली असेल तर हवा तरी कमी होती, नाहीतर वळणात स्टिअरिंग नुसतं पिळलंय. हवेचंही सांगून ठेवते. थंड असताना 32 भरलेली हवा काही फेऱ्यांत 38-40 वर जाते, म्हणून पिटमध्ये आल्यावर गेज लावून सोडायची. आणि घरी निघायच्या आधी परत भरायची, ही दुसरी अर्धी गोष्ट सगळे विसरतात.

मग कुणीतरी म्हणतं, ट्रॅकवर नाही तर यवतेश्वरच्या घाटात, नाहीतर पठारावर मारतो. 2025 च्या जुलैमध्ये पाटणजवळ सडावाघापूर रस्त्यावरच्या टेबल पॉइंटला गाडी फिरवताना एक तरुण गाडीसकट दरीत गेला. व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलाय, तरी हे वाक्य मला ऐकावं लागतं. कायदाही आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 189, सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली की पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एकट्याने गाडी फिरवली तर धोकादायक ड्रायव्हिंगचं 184 आहेच. आणि विमा ट्रॅकवाल्यांनीही वाचावा. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'शर्यत, वेगचाचणी' यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला लावलीत तर खर्च तुमचा, असंच धरून चाला.

घसरायची हौस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मलाही आवडतं. त्यासाठी ऑटोक्रॉस आहे. मोकळं मैदान, शंकू लावलेले, एका वेळी एकच गाडी. मागे कुणी नाही, त्यामुळे हँडब्रेक टर्न तिथं गुन्हा ठरत नाही, उलट त्याशिवाय वेळ निघत नाही. त्याआधी कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवून या. कार्टला ब्रेक मागच्या चाकांनाच असतो, त्यामुळे ती चटकन घसरते. घसरलात की फेरीच्या वेळेत किती मार बसतो, ते तिथल्या घड्याळात स्वच्छ दिसतं. बऱ्याच जणांची हौस तिथंच फिटते.

ऑटोक्रॉसला जायचं पक्कं असेल तर आधी दुकानात येऊन हँडब्रेकची केबल ताणून घ्या. ड्रिफ्टच्या गप्पा मारणाऱ्या निम्म्या गाड्यांचा हँडब्रेक चढावर गाडीसुद्धा धरत नाही. आणि ज्यांच्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आलंय, त्यांनी यायची गरज नाही. त्यांचा प्रश्न कंपनीनेच सोडवलाय.