इंग्रजी प्रूफ वाचायला शिकलो तो माझा अनुभव

आमच्या जळगावात डीटीपी-बाइंडिंगच्या दुकानांवर थिसिसवाल्यांची गर्दी कायमच. विद्यापीठ इथंच, त्यामुळे धुळे, शहादा, चोपडा, नंदुरबार कुठूनही पीएचडीवाले येतात, बरेचसे मराठी मीडियमचे, थिसिस मात्र इंग्रजीत आणि सबमिशन अगदी तोंडावर. मी आधी फक्त टाईप करून प्रिंट मारून द्यायचो. मग हळूहळू लोक म्हणायला लागले, "भाऊ, जरा चुका बी देखी ले ना." म्हटलं बघू, चार पैसे जास्त मिळतील.

आता माझं इंग्रजी म्हणाल तर बेताचंच. शाळा अमळनेर तालुक्यातली, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, आम्ही त्याच्या आधीचे, म्हणजे एबीसीडी थेट पाचवीत. मला वाटायचं आपलं ग्रामर कच्चं म्हणून आपल्याला प्रूफ जमणार नाही. म्हणून रोज रात्री ग्रामरचं पुस्तक घेऊन बसायचो, टेन्स, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट, सगळं पाठ. फायदा झाला नाही असं नाही, पण पान समोर आलं की चुका काही दिसायच्या नाहीत, आणि हीच खरी गंमत आहे, की नियम माहीत असणं वेगळं आणि कागदावर काय छापलंय ते दिसणं वेगळं.

हे मला दाखवलं आमच्या शेजारच्या आप्पांनी. आप्पा खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छापायच्या जमान्यातले, छापखान्यात मराठी प्रूफं बघायचे, इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता येतं. एकदा सहज दुकानात आले, टेबलावरचं पान उचललं, खाली स्टीलची पट्टी धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. मग पेन्सिलीनं दोन गोल केले. म्हणे अर्थ मला नको विचारू, पण हा शब्द वर एका तऱ्हेनं आहे आणि खाली दुसऱ्या, दोन्ही बरोबर कसे असतील? बघतो तर वर 'लेबर'मध्ये यू होता, खाली नव्हता. दुसरा गोल 'द'ला. ओळीच्या शेवटी एक द आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत एक द. हे ज्याला इंग्रजी चांगलं येतं त्याला सहसा दिसतच नाही, कारण वाचताना डोळा सरळ रेषेत चालत नाही, उड्या मारत जातो, मधले ऑफ, द, टू असले बारके शब्द बऱ्याचदा गाळतो आणि मेंदू ते स्वतःच्या मनानं भरून घेतो. आप्पांना अर्थच कळत नव्हता त्यामुळे भरायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून मी पट्टी घेतली. स्क्रीनवर नाही, प्रिंट काढूनच, आणि फॉन्ट बदलून, म्हणजे ओळखीचं पान अनोळखी वाटतं. सगळं एकदम बघायचं सोडलं हा सगळ्यात मोठा बदल. एका फेरीत फक्त हेडिंग, टेबलचे नंबर, पान नंबर. एका फेरीत फक्त स्पेलिंग, आणि ती मी पॅराच्या शेवटाकडून उलटी करतो म्हणजे अर्थात गुंतायला होत नाही. पंक्चुएशन वेगळं. मग शेवटी वर्डमधलं रीड अलाऊड लावून कान देऊन ऐकायचं, कारण गळालेला शब्द कानाला लगेच टोचतो. वेळ लागतो? लागतो ना. पण घाईत सगळं एकदम बघणाऱ्यापेक्षा चुका जास्त सापडतात हे मी छातीठोक सांगतो.

स्पेलचेकवर भरवसा ठेवणाऱ्यांचं मला हसूच येतं. केळीवरच्या एका थिसिसमध्ये 'फील्ड ट्रायल'चं 'फील्ड ट्रेल' झालेलं, म्हणजे प्रयोगाची झाली पायवाट, लाल रेघ नाही काही नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. फॉर्म आणि फ्रॉमचं तेच. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाऊस आणि उत्पादन यांच्यात 'कॉजल रिलेशनशिप' लिहायचं तिथं 'कॅज्युअल रिलेशनशिप' पडलेलं, म्हणजे कार्यकारण संबंधाचं झालं टाइमपास नातं, फक्त यू आणि एसची अदलाबदल. तो पोरगा स्वतःच पोट धरून हसला. आणखी एक, बऱ्याच वर्डमध्ये कॅपिटलमधले शब्द वगळायची सेटिंग आधीपासूनच चालू असते, ती जाऊन बंद करावी लागते. आणि थिसिसमध्ये कॅपिटलमध्ये काय असतं? कव्हर आणि चॅप्टरची नावं. म्हणजे जिथं सगळ्यांची नजर आधी जाते तिथंच तपासणी नाही!

मग मी एक वही केली, आपल्याकडच्या लोकांच्या चुकांची. कारण पुस्तकातल्या चुका सगळ्या जगाच्या असतात, आपल्या थोड्या वेगळ्या. मराठीत ए, ॲन, द हा प्रकारच नाही त्यामुळे तो एकतर गायब नाहीतर उगाच कुठंही. जरी-तरी डोक्यात बसलेलं असतं म्हणून ऑलदोने वाक्य सुरू केलं की मधे बट आलाच, दोन्हीपैकी एक काढायचा. वन ऑफ द फार्मर असं एकवचन, तिथं फार्मर्स पाहिजे. इक्विपमेंट्स, मशिनरीज, इन्फर्मेशन्स, यांना एस लागत नाही. डिस्कसच्या मागे अबाउट. आणि स्वल्पविरामाच्या, पूर्णविरामाच्या आधी स्पेस, ही टायपिंगची खोड, ती कंट्रोल एच दाबून एका झटक्यात जाते, डबल स्पेस पण तशाच काढतो.

अपॉस्ट्रॉफीनं, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणाऱ्या त्या कॉम्यानं, मात्र मला खूप पिडलं. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांवरचा थिसिस होता, त्यात 'फार्मर्स प्रॉब्लेम्स' हे पानोपानी. अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आली तर एकाच शेतकऱ्याचे प्रॉब्लेम, एसच्या नंतर आली तर सगळ्यांचे. त्याच्याकडे कुठं आधी, कुठं नंतर, कुठं नाहीच. इथं फाइंड-रिप्लेस मारून चालत नाही, कारण एका चॅप्टरमध्ये खरंच एकाच शेतकऱ्याची केस स्टडी होती, मग प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून ठरवावं लागलं. हायफनचं, म्हणजे शब्द जोडणाऱ्या बारक्या रेघेचं पण तसंच, 'टेन मंथ ओल्ड प्लान्ट्स' म्हणजे दहा झाडं महिन्याची का झाडं दहा महिन्यांची, ते हायफन ठरवतो.

मित्र म्हणतो एवढं काय त्या कॉम्यात. त्याला मी अमेरिकेतली केस सांगतो. मेन नावाच्या राज्यात ओव्हरटाईमच्या कायद्यात कामांची यादी होती, ज्यांना ओव्हरटाईम लागू नाही त्यांची, आणि शेवटच्या 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. दूध डेअरीचे ड्रायव्हर कोर्टात गेले की यामुळे माल पोचवणं हे वेगळं काम म्हणून यादीत धरताच येत नाही. २०१७ ला अपील कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मित्र गप्प. (तरी मेसेज अजून कॉम्याशिवायच पाठवतो तो.)

ब्रिटिश की अमेरिकन, हा वाद कामाला घेतानाच मिटवायचा. कलर, सेंटरची अमेरिकन स्पेलिंगं वेबस्टरच्या १८२८ च्या डिक्शनरीनं रुजवली, आपल्याकडे चालतात ब्रिटिश, पण वर्डची भाषा बऱ्याचदा यूएसवर असते आणि बरोबर शब्दाखाली लाल रेघ मारून ते माणसाला घाबरवतं. काहींना वाटतं झेड आला म्हणजे अमेरिकन, तसं नाही, ऑक्सफर्डवाले स्वतः ऑर्गनाइझमध्ये झेडच वापरतात. मी एवढंच बघतो की एक पकडलं की शेवटपर्यंत तेच.

त्यासाठी प्रत्येक कामाला एक कोरा कागद लावतो, त्यावर ठरलेली स्पेलिंगं. गावांची नावं तर पहिली. भुसावळच्या स्पेलिंगात कुणी व्ही लिहितं कुणी डब्ल्यू, एकाच थिसिसच्या नकाशात एक, टेबलात दुसरं. गिऱ्हाइकाला विचारतो, कागदावर लिहितो, मग तेच.

हल्ली मोबाईलवर ग्रामर सुधारणारी सॉफ्टवेअरं सगळ्यांकडे आहेत, मी पण वापरतो, पण शेवटी, आणि एकेक सूचना बघून. कारण ती अवतरणातलं वाक्य पण बदलून टाकतात, शेतकऱ्याचं नाव पण. आकड्यांना तर मी हातच लावत नाही. मजकुरात ६१ टक्के आणि टेबलात १६ असलं तर पेन्सिलीनं बाजूला प्रश्नचिन्ह, खरं कुठलं ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

आणि कव्हरची प्रिंट गिऱ्हाइकाला देऊन मोठ्यानं वाचायला लावतो, अक्षर न् अक्षर, स्वतःचं नाव, गाईडचं नाव, विषय, साल, मग खाली सही घेतो. रेक्झिनवर सोनेरी अक्षरं एकदा उठली की खोडता येत नाहीत. सहीशिवाय मी काम पुढे पाठवत नाही, मग बाहेर गाडी लागलेली असो का गाईडचा फोन वाजत असो.