पुढे काय होणार हे ठाऊक असूनही

‘लक्ष्मी निवास’ ही मालिका आमच्या उदगिरात दोनदा पाहिली जाते. झी मराठीवर ती २३ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. परंतु तिची मूळ कन्नड मालिका झी कन्नड वाहिनीवर त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेली होती, आणि उदगीर हे कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव असल्यामुळे भालकी, औराद, बिदर या भागांतून लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुना येथे नांदतात. माहेरची भाषा म्हणून त्या कन्नड मालिका पाहतात आणि सासरच्या माणसांबरोबर बसून मराठी मालिकाही पाहतात. त्यामुळे मालिकेतल्या लक्ष्मी आणि श्रीनिवास या नवरा-बायकोच्या संसारात पुढे काय वाढून ठेवले आहे, याची बातमी आमच्या गल्लीत पुष्कळ आधी पोहोचलेली असते.

मग पाहण्यासारखे उरले काय, असे कोणालाही वाटेल. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आमच्या गल्लीतल्या ओट्यांवर जी बैठक जमते, तिच्यात मी लग्न होऊन आल्यापासून बसते आहे, आणि माझे मत असे झाले आहे की कथा आधी कळल्यामुळे आमची चर्चा अधिक कसदार झाली. ‘उद्या काय होईल’ हा प्रश्न एकदा निकालात निघाला की ‘ही अशी का वागली’ आणि ‘हिने असे वागणे बरोबर होते का’ हे दोनच प्रश्न शिल्लक राहतात, आणि मालिकेविषयी बोलण्याजोगे जे काही असते ते या दोन प्रश्नांतच असते.

आमच्या बैठकीत भालकीच्या वहिनींना त्यामुळे मोठा मान आहे. पुढचे सगळे सांगून टाकायचे नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम आहे, फारच आग्रह झाला तर त्या एवढेच म्हणतात, “पुढं लई हाय बगा, आत्ताच रडू नका.” मात्र एखादा प्रसंग मराठीत होऊन गेला की तो कन्नडमध्ये कसा होता, कोणत्या नटाने तो कसा केला, कोठे घाई झाली आणि कोठे उगाच लांबवला, हे त्या बारकाईने सांगतात. तीच कथा, तीच नात्यांची गुंतागुंत आणि बहुतेक नावेही तीच असताना एका भाषेत प्रसंग अंगावर का येतो आणि दुसऱ्या भाषेत कोरडा का जातो, यावर आमच्याकडे जे बोलले जाते ते कोणत्याही परिसंवादात शोभेल. एप्रिल २०२२ मध्ये उदगिरात ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा याच बायका मांडवात बसून वक्त्यांची भाषणे ऐकत होत्या. पात्राचे वागणे त्याच्या स्वभावाला धरून असले पाहिजे, हे त्यांना त्या आधीही ठाऊक होते. जाता जाता एक गोष्ट सांगते: मालिकेतली श्रीनिवास आणि वेंकी ही नावे मराठी घराला परकी वाटतात, असे माझी पुण्याची मावसबहीण म्हणाली होती; आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यात मात्र व्यंकट आणि श्रीनिवास प्रत्येक गल्लीत सापडतील.

या मालिकेवर आमच्याकडे सर्वांत जास्त चर्चा झाली ती लक्ष्मीच्या घराच्या स्वप्नाची नव्हे, तिच्या धाकट्या मुलीच्या संसाराची. दिव्या पुगावकर यांनी साकारलेली जान्हवी आणि मेघन जाधव यांनी साकारलेला जयंत यांचे लग्न होते तेव्हा जावई चांगला शिकलेला, पैसेवाला, बायकोवर जीव टाकणारा दिसतो. पुढे कळते की त्याचे प्रेम म्हणजे पहारा आहे. त्याने घरात कॅमेरे लावून ठेवले आहेत, ती कोणाशी बोलते, काय बोलते, कोठे पाहते, या सगळ्यावर त्याची नजर आहे. हा भाग झाला त्या रात्री ओट्यावर आत्या मोठ्याने म्हणाल्या, “माय, असं कसं करलालाय गं ह्यो! नवरा हाय का पोलीस?” त्यावर सगळ्या बोलू लागल्या. दोघीतिघींचे म्हणणे पडले की माणूस वाईट नाही, त्याला एकटेपणाची भीती आहे, बायकोने समजून घेतले तर तो सुधारेल. तेवढ्यात एरवी फारसे न बोलणाऱ्या एक काकू हातातली भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “आमची पोरगी फोन उचलली की पहिल्यांदा सांगती, मम्मी, स्पीकरवर हाय म्हणून. मला वाटायचं, तिचे हात कामात असतेत.”

त्यांची मुलगी लग्नानंतर परगावी असते. काकूंनी पुढे काय केले ते येथे लिहिणे उचित होणार नाही, आणि जयंत नावाचे पात्र नसते तर त्यांना ते कधीच उमगले नसते असेही मी म्हणणार नाही, कारण आईला अशा गोष्टी मनातून कळलेल्या असतातच. परंतु ते वाक्य चारचौघींत उच्चारण्यासाठी त्यांना एक निमित्त हवे होते, आणि ते त्यांना एका मालिकेतल्या जावयाने दिले. त्या रात्रीनंतर जयंतने सुधारावे असे म्हणणाऱ्या दोघीतिघींनी आपला पक्ष सोडला. त्याला सुधारून दाखवू नये, असेच माझेही मत आहे. आपल्या मालिकांना अशा माणसाला शेवटी रडवून, क्षमा मागायला लावून परत बायकोच्या पदरात घालण्याची जुनी खोड आहे, आणि ती मोडण्याचे धैर्य लेखकांनी दाखवावे असे मला मनापासून वाटते.

‘ठरलं तर मग’ची गोष्ट निराळी आहे. स्टार प्रवाहवर ती ५ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तमिळमधल्या ‘रोजा’ या मालिकेवर ती बेतलेली आहे. तमिळ जाणणारे आमच्या गल्लीत कोणी नाही, म्हणून येथे सगळे सारखेच अनभिज्ञ. ‘लक्ष्मी निवास’ आली ती आठ ते नऊ अशी पूर्ण तासाची, आणि साडेआठ ही तेव्हा ‘ठरलं तर मग’ची नायिका सायली आणि तिचा वकील नवरा अर्जुन यांची वेळ होती. त्यामुळे तेव्हा घराघरांत रिमोटसाठी जी ओढाताण झाली ती शेवटी मोबाइलने सोडवली. आता सासूबाई टीव्हीवर एक पाहतात आणि सून स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून दुसरी पाहते, आणि ओट्यावर दोघी एकमेकींना आपापला भाग सांगतात.

या मालिकेवर बोलायला पुरुषही येतात, कारण तिच्यात कोर्ट आहे. सायलीला लहानाची मोठी करणाऱ्या मधुभाऊंवरच्या खुनाच्या खटल्याने आमच्या शेजारचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले काका दीर्घकाळ अस्वस्थ होते. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो, त्यात सरकार पक्षाचे साक्षीदार आधी तपासले जातात, मग आरोपीचा जबाब नोंदवला जातो आणि त्यानंतरच बचावाचे साक्षीदार येतात, हा क्रम १ जुलै २०२४ पासून फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आल्यावरही तसाच राहिला आहे, असे ते तळमळीने सांगत असत. वकिलाने भर कोर्टात अचानक दार उघडून साक्षीदार आणावा, हे त्यांना सहन होत नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि मला वाटते की लेखकांनी एखाद्या वकिलाला विचारून खरी प्रक्रिया दाखवली असती तर नाट्य उणावले नसते. उलटतपासणीत साक्षीदार स्वतःच्याच जबाबात कसा अडकतो, हे पाहण्यासारखे दुसरे नाट्य नाही.

बायकांचा राग मात्र कोर्टावर नव्हता, सायलीची खरी आई असलेल्या प्रतिमावर झालेल्या अन्यायावर होता. पोटची मुलगी समोर वावरत असताना आईला ती ओळखू येत नव्हती आणि दुसरीच एक मुलगी तिची हरवलेली तन्वी म्हणून मिरवत होती, हे किती वर्षे ताणायचे? आमच्या अक्कांचे यावर एक निरीक्षण आहे. त्या म्हणतात की गुपित लांबवायला हरकत नाही, पण ज्यांच्यापासून ते लांबवले त्या माणसांना मूर्ख करून लांबवू नये. हुशार वकील कोर्टात एवढ्याशा धाग्यावरून गुन्हेगार शोधतो आणि घरात डोळ्यांपुढचे त्याला दिसत नाही, तिथे प्रेक्षकाचा विश्वास उडतो. एका वाक्यात एवढी नेमकी समीक्षा मी क्वचितच वाचली आहे.

याच मालिकेतल्या पूर्णा आजी, म्हणजे ज्योती चांदेकर, १६ ऑगस्ट २०२५ रोजी गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत घरातलेच कोणी गेल्यासारखे बोलणे चालले होते, आणि पाठोपाठ प्रश्न आला की आता मालिकेत आजीचे काय करायचे. एक मत असे होते की पात्रालाही निरोप द्यावा, त्या घराने तिचे दिवस करावेत, म्हणजे पाहणाऱ्यांनाही रडून मोकळे होता येईल. दुसरे मत असे की आजीने अर्जुनच्या संसारात जे सुख पाहायचे योजले होते ते पाहिल्यावाचून तिला नेऊ नये. काही काळाने रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत आल्या. ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’मधली त्यांची आशालता देशमुख आमच्या पिढीच्या बायकांना इतकी ओळखीची आहे की प्रथम ‘आशालता आली’ असेच सगळ्या म्हणाल्या. परंतु विरोध कोणी केला नाही. याउलट ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता जानेवारी २०२५ मध्ये बदलली, तेजश्री प्रधान यांच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या, तेव्हा काही घरांनी ती मालिका पाहणेच सोडून दिले होते. नव्या अभिनेत्रीचे काम उणे होते असे नाही. मृत्यूने रिकामी केलेली जागा दुसऱ्याने भरली तर तिच्यात आदर दिसतो. जिवंत माणूस सोडून गेले तर पाहणाऱ्याला आपल्यालाच सोडल्यासारखे वाटते. हा भेद मला पटतो, जरी स्वरदा यांच्यावर त्यात अन्याय झाला असला तरी.

एक खंत मात्र सगळ्यांची सारखी आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापूर बोलले, ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारा बोलला, ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये कोकण बोलले आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची बोली घेऊन आली. कलर्स मराठीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘आई तुळजाभवानी’ सुरू झाली तेव्हा तुळजापूर आपले म्हणून आम्ही ती हौसेने पाहिली, पण ती देवीची कथा आहे. आजच्या मराठवाड्यातले घर, आमची करलालाव-जाऊलालाव ही बोली, आमची माणसे आम्ही पाहिलेल्या रोजच्या मालिकांत नायिकेच्या घरात कधी आली नाहीत.

म्हणून आमच्या ओट्याने आपली मालिका स्वतःच रचली आहे. ती लातूरच्या ट्यूशन एरियातल्या, म्हणजे शिकवणी वर्गांच्या भागातल्या, एका खानावळीत घडते. अहमदपूर तालुक्यातली एक बाई दहावी झालेल्या मुलीला डॉक्टर करायचे म्हणून लातूरला खोली घेते, भाडे निघावे म्हणून चार मुलांचे डबे करू लागते, आणि बघता बघता नीटची तयारी करणाऱ्या पन्नास मुलांची ती मावशी होते. नवरा गावाकडे सोयाबीन सांभाळतो आणि दर शनिवारी एसटीने ज्वारीचे पीठ घेऊन येतो. त्या बाईच्या भूमिकेत प्रतीक्षा लोणकर असाव्यात, असे आत्यांचे ठाम मत आहे. त्या मूळच्या संभाजीनगरच्या आहेत आणि दूरदर्शनवरची त्यांची ‘दामिनी’ ही मालिका आत्यांनी एकही दुपार न चुकवता पाहिलेली आहे. अक्कांना मात्र अगदी नवा चेहरा हवा आहे, तोही आमच्याच भागातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या युवक महोत्सवातून निवडलेला. मुलीला पहिल्या वर्षी प्रवेश मिळावा की नाही यावर अजून एकमत झालेले नाही. भालकीच्या वहिनींचे म्हणणे आहे की तिला कमी गुण पडावेत आणि आईने खानावळ बंद न करता तिला दुसऱ्यांदा बसवावे, कारण खरी मालिका तेथूनच सुरू होईल.