रतनगड ते हरिश्चंद्रगड, टाक्यांचं पाणी आणि मुठीएवढा फिल्टर

फेब्रुवारी संपत आला की या रेंज ट्रेकला पाण्याचाच काय तो प्रश्न असतो, बाकी वाट मळलेली आहे, थंडी बोचत नाही, आभाळ स्वच्छ. आम्ही चौघं, रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड असा नेहमीचाच रूट. याआधी माणशी पाच लिटर पाणी घेऊन निघायचो, म्हणजे पाच किलो नुसतं पाणीच पाठीवर आणि शिड्या चढताना सॅक मागे ओढणार. यावेळी माणशी दोन लिटर आणि सगळ्यांत मिळून एक फिल्टर.

फिल्टर हॉलो फायबरवाला. आत शेवयांच्या जुडग्यासारख्या बारीक पोकळ नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींना ०.१ मायक्रॉनची भोकं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूची सिस्ट, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, साधारण १० मायक्रॉनची, बॅक्टेरिया त्याहून लहान पण तेही अडकतात, व्हायरस मात्र आरपार जातो. म्हणजे काविळीचे हेपॅटायटिस ए आणि ई याने थांबत नाहीत, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून आमचा नियम असा की वस्तीच्या खालच्या अंगाचं पाणी घ्यायचंच नाही, घ्यावंच लागलं तर आधी गाळायचं आणि मग उकळायचं किंवा मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. थेंब आधी टाकले तर गढूळपणातच क्लोरीन खर्ची पडतं. खतं, कीटकनाशकं वगैरे विरघळलेलं काही असेल तर ते या फिल्टरच्या हातात नाही.

रतनगडावर खोदीव टाकी बरीच आहेत पण या दिवसांत पाणी खाली गेलेलं असतं आणि वर शेवाळाची साय. साय हाताने बाजूला सारायची, बाटली तळाला टेकवायची नाही कारण तिथे गाळ, मधलंच पाणी भरायचं, तेही बाटलीच्या तोंडाला रुमालाची दुहेरी घडी लावून. यावर एकजण हसला की एवढा मायक्रॉनचा फिल्टर असताना रुमाल कशाला, तर रुमाल आपल्यासाठी नाही, फिल्टरसाठी आहे, शेवाळाने तो तासाभरात चोंदतो. तसं नुसतं फडकंही कमी समजू नका. नारू, म्हणजे अंगातून दोऱ्यासारखा जंत निघण्याचा रोग, व्हायचा तेव्हा गावोगाव पाणी फडक्याने गाळून प्या म्हणून सांगायचे, कारण नारूची अळी ज्या सायक्लॉप्समध्ये असते तो मिलिमीटरभराचा जीव दुपदरी कापडात अडकतो. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ चा आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या फडक्याचा वाटा मोठा.

खिंड उतरून कुमशेतला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. एका घरी जेवण सांगितलेलं, तिथल्या मावशींनी हंड्यातलं पाणी दिलं आणि मी सवयीने फिल्टर काढला तर म्हणाल्या, "अरं बाबा, ह्ये आमच्या हिरीचं पानी हाय, आमी रोज पितोय, तुला काय व्हनार हाय?" व्हायचं काहीच नव्हतं बहुतेक, पण मी हसून गाळूनच प्यायलो, कारण त्यांच्या पोटाला त्या पाण्याची सवय आहे, माझ्या नाही. मात्र पुढे पाणी कुठे आहे हे मावशींनाच विचारलं. ॲपवर टाकलेले पाण्याचे पॉइंट पावसाळ्यातले असतात, त्या म्हणाल्या नदीच्या पात्रात डोह शिल्लक आहेत पण गुरं बसतात, वरच्या अंगाला जा. तसंच निघालं.

डोहाचं पाणी गाळताना फिल्टरचा वेग अर्ध्यावर आला. इथे लोक बाटली जोरात पिळायला लागतात, ते करू नका, बाटलीऐवजी फिल्टरला लावायची पाण्याची बॅग असेल तर ती शिवणीतून फाटते आणि मातीही भोकांत आणखी घट्ट बसते. सोबत मोठी सिरिंज असते, तिच्यात स्वच्छ पाणी भरून उलट्या बाजूने जोरात मारायचं, म्हणजे बॅकफ्लश, पहिल्या दोन पिचकाऱ्यांत तपकिरी पाणी येतं ते बघून पोटात कालवतं. त्यासाठी कपभर गाळलेलं पाणी कायम राखून ठेवायचं, कारण सगळं पिऊन संपल्यावर धुणार कशाने? बॅगेपेक्षा मला कोल्ड्रिंकची साधी बाटली आवडते, आटे बरोबर बसतात, फुटली तर कुठल्याही टपरीवर दुसरी मिळते. कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल टेप लावलेली, आणि फिल्टर काढताना आट्यांवरचा कच्च्या पाण्याचा थेंब चांगल्या बाटलीत पडणार नाही हे बघायचं, खरी गडबड तिथे होते.

हरिश्चंद्रगडावर शनिवार होता, म्हणजे जत्रा. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात लोक उतरून प्रदक्षिणा घालतात, ते प्यायचा प्रश्नच नाही, पुष्करणीचंही नाही. पिण्याचं टाकं वेगळं आहे आणि त्याच्याच काठावर एक ग्रुप मॅगीचं पातेलं घासत होता, त्यांना बोललो, थोडं वाजलंही. फिल्टर हातात आहे म्हणून कोणीतरी टाकं नासवतंय ते बघत बसायचं का?

घरी आल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत बॅकफ्लश, मग लिटरभर पाण्यात क्लोरीनचे दोन थेंब टाकून त्यातलं थोडं आतून फिरवायचं, झटकून सावलीत वाळवायचं. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर त्याने धुऊ नका, आत क्षार धरतात, धरलेच तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. हिमालयात नेणार असाल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, एकदा आत बर्फ झाला की फायबर तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही, असा फिल्टर फेकूनच द्यायचा. आणि पावसाळाभर पडून राहिलेल्यातून पाणी जातच नसेल तर घाबरू नका, कोरडा पडलेला असतो, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मग सिरिंज मारा.