तोतया आमच्याच किल्ल्यात होता!

दिवसभर पाऊस, त्यात लाईट गेलेले, मग काय, लायब्ररीतून आणलेली, पानिपतावर पडलेल्या मराठ्यांच्या सेनापतीच्या, सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची कादंबरी आज संपवूनच टाकली. हा सुखनिधान म्हणजे बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, पानिपतानंतर "मीच सदाशिवरावभाऊ" म्हणून उभा राहिला, थोरल्या माधवरावांच्या काळातच चौकशी होऊन खोटा ठरला, आणि कैदेत फिरता फिरता शेवटी ठेवला कुठे, तर आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्यात! लहानपणापासून किल्ल्यातल्या भगवतीच्या देवळात जातेय, कुणी एका शब्दाने बोललं नाही.

कादंबरीत तो भयंकर हुशार दाखवलाय, ते काय मला पटलं नाय. १७७६ मध्ये त्याला सोडवला रामचंद्र नाईक परांजप्यांनी, म्हणजे ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांनीच! आता एकदा खोटा ठरलेला माणूस यांना खरा वाटला की सोयीचा वाटला? नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षं झालेली, पेशवा म्हणजे दोन वर्षांचं पोर, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, अशा वेळी कुणी जाणता माणूस जिवंत निघाला तर हवाच होता की लोकांना. कोकणातले किल्ले पटापट त्याच्या हातात गेले, हजारोंनी माणसं जमली. मग महादजी शिंदे आणि भिवराव पानशांनी मोडला त्याला, समुद्रातून पळायला बघत होता तो आंग्र्यांनी धरला. पुण्यात परत चौकशी, डिसेंबरात देहदंड.

त्या "मीच रशियन राजकन्या" म्हणणाऱ्या अ‍ॅना अँडरसनचा निकाल लागला १९९४ ला, डीएनएवरून, तोवर ती मरून दहा वर्षं झालेली. त्या मानाने आपल्याकडे लवकर आटपलं म्हणायचं.

रात्री जेवताना आजीला सगळं सांगितलं तर ती भात कालवता कालवता म्हणाली, "तो मेला खोटा तर खोटा, पण त्या पार्वतीबाईचं काय गो?" बरोबर होतं तिचं. पानिपतावर भाऊंचं धड मिळालं ते मुंडक्याशिवाय, त्यामुळे बाईंनी नवरा गेला हे मानलंच नाही, १७८३ ला जाईपर्यंत कुंकू पुसलं नाही. आणि लेखकमहाशयांनी त्यांना दिलीत जेमतेम दोन पानं, तीपण खिडकीशी रडण्यात! लढाईला मात्र पानंच्या पानं. तो खोटा ठरला हे त्यांना कुणी जाऊन सांगितलं, कुठल्या तोंडाने सांगितलं, मला तेच वाचायचं होतं.