लेथच्या व्हीएफडीचे हार्मोनिक: हिशोब कुठवर आला

लेथच्या मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) लाईनमधून करंट ओढताना किती हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले जास्तीचे करंट, तयार करतो, याचं पायथनमधलं मॉडेल आता विश्वास ठेवण्याइतपत झालंय.

सुरुवात पुस्तकी आकड्यांनी केली. डीसी करंट एकदम सपाट धरला की सहा-पल्स डायोड ब्रिजच्या (एसीचं डीसी करणारा व्हीएफडीचा पुढचा भाग) लाईन करंटमध्ये ६k±१ (५, ७, ११, १३...) एवढेच हार्मोनिक उरतात, h वा हार्मोनिक मूळ ५० हर्ट्झच्या करंटच्या १/h एवढा: पाचवा २० टक्के, सातवा १४.३, अकरावा ९.१. टीएचडी, म्हणजे सगळ्या हार्मोनिकची मिळून विकृती, ३१ टक्के. कोडमधूनही हेच उतरलं, म्हणजे एफएफटीची (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) बाजू पक्की.

पण व्हीएफडीत करंट सपाट असतो कुठे! ब्रिजच्या मागे कपॅसिटर बँक. लाईन व्होल्टेज तिच्या वर चढेल तेवढाच वेळ करंट आत शिरतो, त्यामुळे अर्ध्या सायकलला दोन उंच सुळके. चोक (करंटचे चढउतार अडवणारी कॉइल) नसताना मॉडेलमध्ये पाचवा साठ टक्क्यांच्या वर जातो. ३ टक्क्यांचा एसी चोक घातला की चाळिसाच्या आसपास येतो. गंमत अकराव्याची: तो १/h च्याही खाली उतरतो, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला चोक जास्त अडवतो. १/h हा वाईटात वाईट आकडा मानून ट्रान्सफॉर्मर निवडणाऱ्यांनी पाचव्याकडे जरा नीट बघावं.

मोजणी क्लॅम्प सीटी (वायरभोवती अडकवायचा करंट ट्रान्सफॉर्मर), बर्डन रेझिस्टर (त्याच्या करंटचं व्होल्टेज करणारा) आणि साउंडकार्डवर. लाईनला थेट प्रोब लावायचा नाही, हे परत परत सांगतो. १० सायकलची खिडकी, म्हणजे २०० मिलिसेकंद, म्हणून एफएफटीचे खण ५ हर्ट्झचे. ग्रिड नेमकं ५० वर बसत नाही; झिरो क्रॉसिंग (लहर शून्यातून जाते तो क्षण) शोधून सॅम्पल नव्याने बसवले तरच पाचव्याचा, म्हणजे २५० हर्ट्झचा, सुळका शेजारच्या खणांत सांडत नाही.

सध्या डोकं कोनांमध्ये अडकलंय. दोन कन्व्हर्टरचे पाचवे हार्मोनिक नुसते बेरजेत धरणं बरोबर नाही, ते फेझर आहेत, म्हणजे आकाराबरोबर कोनही असलेल्या राशी. सिंगल-फेज कपॅसिटर ब्रिजचा पाचवा आणि थ्री-फेज ब्रिजचा पाचवा बरेचदा एकमेकांच्या जवळपास विरुद्ध दिशेला असतात. म्हणजे कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय आणि व्हीएफडी एकाच फीडरवर असतील, तर पाचवा थोडा कमीच दिसेल. सिंगल-फेज सप्लायमधून येणाऱ्या तिसऱ्याला मात्र ही सवलत नाही, तो न्यूट्रलमध्ये साठत जातो.

पुढच्या खेपेला लेथ चालू ठेवून त्याच फेजवर जुने एसएमपीएस (कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय) लावतो. कोन व्होल्टेजच्या झिरो क्रॉसिंगपासून मोजायचा, म्हणून साउंडकार्डच्या दुसऱ्या चॅनेलला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज द्यावं लागेल. त्या ट्रान्सफॉर्मरची स्वतःची फेज चूक कशी वजा करता, कुणी करून बघितलंय का?